क्रूसेड : जेरुसलेमसाठी दोन शतके लढलेली युद्धे आणि त्यांची दीर्घ सावली

इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पश्चिम युरोपातील ख्रिस्ती सैन्यांनी पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरातील मुस्लिम सत्तांविरुद्ध ज्या मोहिमा काढल्या, त्यांना क्रूसेड असे म्हणतात. जेरुसलेम हे पवित्र नगर ताब्यात घेणे आणि ताब्यात ठेवणे हा त्यांचा घोषित हेतू होता. मराठीत त्यांना धर्मयुद्धे म्हटले जाते. १०९५ मध्ये पोपने केलेले आवाहन हा त्यांचा प्रारंभ आणि १२९१ मध्ये अक्का (एकर) या बंदराचा झालेला पाडाव हा त्यांचा शेवट, असे सामान्यतः मानतात. मात्र या युद्धांचे परिणाम त्या दोन तारखांच्या चौकटीत मावत नाहीत. एकविसाव्या शतकातील राजकीय भाषणांतही त्यांचे पडसाद उमटले आहेत.

संज्ञा

‘क्रूस’ म्हणजे ख्रिस्ताचा वधस्तंभ. मोहिमेवर निघणारा आपल्या वस्त्रावर कापडी क्रूस शिवून घेत असे. त्यावरून पुढे क्रूसेड हा शब्द रूढ झाला. पहिल्या मोहिमेतील लोक मात्र स्वतःला यात्रेकरूच समजत आणि मोहिमेला ‘यात्रा’ किंवा ‘जेरुसलेमची वाट’ म्हणत. मुस्लिम इतिहासकारांनीही प्रारंभी या युद्धांना वेगळे नाव दिले नव्हते. आलेल्या लोकांना ते ‘फ्रंज’, म्हणजे फ्रँक, म्हणत. ‘सलीबी युद्धे’ हा अरबी शब्दप्रयोग प्रचारात आला तो थेट एकोणिसाव्या शतकात. याच ‘फ्रंज’चे फारसीत ‘फरंगी’ आणि मराठीत ‘फिरंगी’ झाले. पोर्तुगीजांना उद्देशून हा शब्द वापरणाऱ्या कोकणातील रयतेला त्याचे मूळ ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पार्श्वभूमी

जेरुसलेम इ. स. ६३८ च्या सुमारास अरबांच्या ताब्यात गेले होते. त्यानंतरच्या साडेचार शतकांत ख्रिस्ती यात्रेकरूंची ये-जा साधारणपणे चालू राहिली. त्यात खंड पडले, ते अपवादाने. १००९ मध्ये इजिप्तचा फातिमी खलिफा अल-हाकिम याने ख्रिस्ताच्या समाधीवरील चर्च पाडले. पुढे ते पुन्हा उभारण्यात आले.

परिस्थिती पालटली ती सेल्जुक तुर्कांच्या उदयामुळे. १०७१ मध्ये मांझिकर्टच्या लढाईत सुलतान अल्प अर्सलान याने बायझंटाइन सम्राट रोमानस चौथा याचा पराभव करून त्याला कैद केले. आशिया मायनरचा मोठा भाग सम्राटांच्या हातून निसटला. सम्राट अलेक्सियस पहिला याने पश्चिमेकडे लष्करी साहाय्य मागितले. त्याला भाडोत्री सैनिकांच्या काही तुकड्या हव्या होत्या. मिळाली ती हजारोंची लोंढ्यासारखी येणारी सेना.

२७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधील क्लेर्माँ येथे पोप अर्बन दुसरा याने पूर्वेकडील ख्रिस्ती बांधवांच्या रक्षणासाठी शस्त्र हाती घेण्याचे आवाहन केले. त्या भाषणाचा मूळ मसुदा उपलब्ध नाही. उपलब्ध वृत्तांत नंतर लिहिलेले असून त्यांत परस्परांत बराच फरक आहे. एवढे मात्र निश्चित, की मोहिमेवर जाणाऱ्याला पापांबद्दलच्या प्रायश्चित्तातून मुक्ती मिळेल, असे आश्वासन देण्यात आले होते. ज्या काळी नरकाची भीती दुष्काळाइतकी खरी वाटे, त्या काळी या आश्वासनाचे मोल फार मोठे होते.

वडिलोपार्जित जमीन न मिळालेले सरदारांचे धाकटे मुलगे लुटीच्या आशेने निघाले, असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. तत्कालीन दस्तऐवजांच्या अभ्यासानंतर हे मत आता मागे पडले आहे. अनेकांनी या प्रवासासाठी जमिनी गहाण टाकल्या वा विकल्या, आणि जे जगले त्यांतील बहुतेक रिकाम्या हातांनी घरी परतले. लोभ होताच; पण केवळ लोभाने या मोहिमेचा उलगडा होत नाही.

पहिली मोहीम

मुख्य सैन्य निघण्यापूर्वीच १०९६ च्या वसंतात सामान्य लोकांचे जथे पुढे निघाले. त्या वातावरणात काही टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या स्पायर, वर्म्स व माइन्झ या नगरांतील ज्यूंवर हल्ले केले. दूरच्या ‘शत्रू’कडे जाण्याआधी दारातल्या परधर्मीयांना संपवावे, हा त्यामागचा विचार होता. युरोपातील ज्यूंच्या सामूहिक स्मृतीत हे वर्ष कायमचे कोरले गेले.

सरदारांच्या सैन्याने १०९७ मध्ये निकिया घेतले आणि आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर जून १०९८ मध्ये अँटिऑक जिंकले. या यशाचे एक मोठे कारण समोरच्या बाजूची फूट हे होते. सेल्जुक सुलतान मलिकशाह १०९२ मध्ये मरण पावल्यानंतर त्याच्या वारसांत भाऊबंदकी माजली होती. सुन्नी सेल्जुक आणि इजिप्तचे शिया फातिमी यांचे हाडवैर होते. फ्रँक अँटिऑकमध्ये असतानाच फातिमींनी सेल्जुक पक्षाकडून जेरुसलेम हिसकावून घेतले होते. त्यामुळे फ्रँकांना जेरुसलेमच्या तटावर गाठ पडली ती तुर्कांशी नव्हे, तर फातिमींच्या शिबंदीशी.

१५ जुलै १०९९ रोजी नगर पडले. त्यानंतर मुस्लिम व ज्यू रहिवाशांची भीषण कत्तल झाली. पुढच्या अरबी इतिहासकारांनी मृतांचा आकडा सत्तर हजार दिला आहे. आधुनिक अभ्यासक तो अतिशयोक्त मानतात आणि ही संख्या काही हजारांच्या घरात असावी, असे म्हणतात. आकडा कमी केल्याने घटनेचे स्वरूप मात्र बदलत नाही. विजेत्यांच्याच इतिवृत्तकारांनी ती अभिमानाने नोंदवून ठेवली आहे.

फ्रँकांची राज्ये

या विजयातून एडेसा, अँटिऑक, जेरुसलेम आणि त्रिपोली अशी चार राज्ये उभी राहिली. तेथील फ्रँक नेहमीच अल्पसंख्य होते. त्यांची भिस्त किल्ले, इटालियन आरमारे आणि नव्याने निर्माण झालेले लष्करी धर्मसंघ यांवर होती. यात्रेकरूंच्या शुश्रूषेतून उदयाला आलेला हॉस्पिटलर संघ आणि यात्रेकरूंच्या वाटरक्षणासाठी १११९ च्या सुमारास स्थापन झालेला टेम्प्लर संघ हे त्यांतील प्रमुख होत. संन्याशाचे व्रत घेतलेला योद्धा ही कल्पना युरोपला नवी होती.

दोन्ही समाज अहोरात्र लढत होते, असे मात्र नाही. शैझरचा सरदार उसामा इब्न मुन्किझ याने आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. जेरुसलेमला गेल्यावर त्याचे टेम्प्लर मित्र त्याला नमाजासाठी जागा मोकळी करून देत. एकदा युरोपातून नुकत्याच आलेल्या एका फ्रँकाने त्याचे तोंड बळेच पूर्वेकडे वळवले, तेव्हा टेम्प्लरांनी त्या माणसाला दूर केले आणि उसामाची क्षमा मागितली. ११८४ मध्ये या प्रदेशातून गेलेल्या इब्न जुबैर या स्पेनमधील मुस्लिम प्रवाशाला आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. एकीकडे सैन्ये भिडलेली असतानाही दमास्कस आणि अक्का यांच्या दरम्यान व्यापारी तांडे निर्वेध ये-जा करीत होते.

प्रतिकार आणि सलादीन

दमास्कसचा विद्वान अल-सुलमी याने ११०५ मध्येच एकजुटीचे आणि जिहादचे आवाहन केले होते. पण त्या वेळी त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ११४४ मध्ये झंगी याने एडेसा घेतले. त्याच्या प्रत्युत्तरादाखल निघालेली दुसरी मोहीम ११४८ मध्ये दमास्कसच्या वेशीवरच फसली. झंगीचा पुत्र नुरुद्दीन याने सीरियात ऐक्य घडवले. जेरुसलेम जिंकल्यावर अल-अक्सा मशिदीत बसवण्यासाठी त्याने आलेप्पोत एक कोरीव लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनपीठ, आधीच करवून घेतले होते. तो विजय पाहण्यापूर्वीच ११७४ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

त्याचे स्वप्न पुरे केले ते त्याच्या सेवेतून पुढे आलेल्या सलाहुद्दीन अर्थात सलादीनने. तिक्रीत येथे जन्मलेल्या या कुर्द सेनानीने ११७१ मध्ये इजिप्तमधील फातिमी खिलाफत संपुष्टात आणली. त्यानंतरची बरीच वर्षे त्याने फ्रँकांपेक्षा मुस्लिम प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यात घालवली. ४ जुलै ११८७ रोजी हित्तीनच्या रणात त्याने फ्रँकांचे तहानेने व्याकुळ झालेले सैन्य नष्ट केले आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम घेतले. १०९९ ची पुनरावृत्ती झाली नाही. पुरुषामागे दहा आणि स्त्रीमागे पाच दिनार अशी खंडणी ठरवून लोकांना बाहेर जाऊ दिले गेले. खंडणी भरू न शकलेले हजारो गरीब मात्र गुलामगिरीत गेले. हित्तीननंतर पकडलेल्या टेम्प्लर व हॉस्पिटलर योद्ध्यांची कत्तलही याच सलादीनने करवली होती. औदार्य आणि कठोर हिशेब या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी होत्या. नुरुद्दीनचे मिंबर त्याने अल-अक्सात आणून बसवले.

तिसऱ्या मोहिमेत जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा वाटेतच नदीत बुडून मरण पावला. फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा अक्का घेतल्यावर परत गेला. इंग्लंडचा राजा रिचर्ड याने ऑगस्ट ११९१ मध्ये अक्का येथील सुमारे २७०० कैदी ठार केले, पुढे लढायाही जिंकल्या. पण जेरुसलेम त्याला घेता आले नाही. सप्टेंबर ११९२ च्या तहाने किनारपट्टी फ्रँकांकडे आणि जेरुसलेम मुस्लिमांकडे राहिले. निःशस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना वाट मोकळी झाली. काही महिन्यांतच, ४ मार्च ११९३ रोजी, सलादीन दमास्कस येथे मरण पावला.

ख्रिस्ती नगरावर ख्रिस्ती हल्ला

चौथ्या मोहिमेने या साऱ्या चळवळीची विसंगती उघडी पाडली. ३३,५०० माणसांच्या वाहतुकीसाठी व्हेनिसशी ८५ हजार मार्क चांदीचा करार झाला होता. प्रत्यक्षात जमलेले लोक त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढेच होते. कर्ज फेडण्यासाठी सैन्याने प्रथम व्हेनिसच्या वतीने झारा हे ख्रिस्ती नगर घेतले. नंतर एका बायझंटाइन राजपुत्राच्या आश्वासनांवर विसंबून ते कॉन्स्टँटिनोपलला गेले. ती आश्वासने फोल ठरल्यावर एप्रिल १२०४ मध्ये ख्रिस्ती जगातील त्या सर्वात वैभवशाली नगराची तीन दिवस लूट झाली. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमधील ब्राँझचे घोडे त्याच लुटीतले आहेत. बायझंटाइनांनी १२६१ मध्ये राजधानी परत मिळवली. पण साम्राज्याचा कणा मोडला तो कायमचाच. १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी ते संपवले. ज्या साम्राज्याला वाचवण्यासाठी क्रूसेड सुरू झाली, त्याला दुर्बल करण्यात क्रूसेडचाच मोठा हात होता.

अखेर

यानंतरच्या मोहिमांत इजिप्त हे मुख्य लक्ष्य ठरले. १२१९ मध्ये युद्ध चालू असतानाच असिसीचा संत फ्रान्सिस सुलतान अल-कामिलला भेटला आणि सुखरूप परतला. दहा वर्षांनी, १२२९ मध्ये, सम्राट फ्रेडरिक दुसरा याने त्याच सुलतानाशी वाटाघाटी करून लढाई न करता जेरुसलेम मिळवले. मुस्लिमांची पवित्र स्थाने त्यांच्याकडेच राहिली. या समझोत्यावर दोन्हीकडच्या धर्मनिष्ठांनी टीका केली. १२४४ मध्ये मंगोलांनी विस्थापित केलेल्या ख्वारज्मी सैनिकांनी नगर घेतले आणि ते फ्रँकांच्या हातून निघून गेले. फ्रान्सचा राजा लुई नववा १२५० मध्ये इजिप्तमध्ये कैद झाला.

इजिप्तच्या मम्लुक सुलतानांनी १२६० मध्ये ऐन जालूत येथे मंगोलांना रोखले, १२६८ मध्ये बैबर्सने अँटिऑकची राखरांगोळी केली आणि १८ मे १२९१ रोजी अक्का पडले. हॉस्पिटलर पुढे ऱ्होड्स आणि माल्टा येथे गेले. त्यांचा वारसा सांगणारा संघ आज रोममध्ये वैद्यकीय सेवाकार्य करतो. टेम्प्लरांच्या संपत्तीवर डोळा ठेवून फ्रान्सचा राजा फिलिप चौथा याने १३०७ मध्ये त्यांना अटक केली आणि १३१२ मध्ये पोपने तो संघ बरखास्त केला.

परिणामांचा ताळेबंद

क्रूसेडमुळेच अरबांचे ज्ञान युरोपात आले, हे विधान अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. ते बव्हंशी चुकीचे आहे. अरबी ग्रंथांची भाषांतरे प्रामुख्याने स्पेनमधील टोलेडो आणि सिसिली येथे झाली. भारतीय उगमाचे अंक युरोपात पोचवण्यात मोठा वाटा असलेल्या फिबोनाचीने ते उत्तर आफ्रिकेतील व्यापारी बंदरात आत्मसात केले होते. ज्ञानाने तलवारीपेक्षा बाजारपेठ आणि ग्रंथालय यांचा मार्ग अधिक वापरला.

निश्चितपणे सांगता येतील असे परिणाम वेगळे आहेत. व्हेनिस, जिनोआ आणि पिसा यांना पूर्वेकडील बंदरांत वसाहती व सवलती मिळाल्या. मोहिमांच्या खर्चासाठी ११८८ मध्ये इंग्लंड व फ्रान्समध्ये उत्पन्न व जंगम मालमत्तेवर दशांश कर बसला. राज्यसंस्थेने प्रजेकडून थेट कर घेण्याच्या वाटेवरील तो महत्त्वाचा टप्पा होता. एका ठिकाणी पैसे ठेवून दुसऱ्या ठिकाणी ते चिठ्ठीवर उचलण्याची टेम्प्लरांची व्यवस्था हुंडीसारखीच होती. पापक्षालनाच्या आश्वासनाला पुढे पैशाचे रूप आले आणि त्याच्या विक्रीविरुद्ध १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर उभा ठाकला. क्रूसेडचे शस्त्र युरोपातही वापरले गेले. दक्षिण फ्रान्समधील कॅथर पंथीयांवर आणि बाल्टिक किनाऱ्यावरील ख्रिस्तेतर जमातींवर अशाच मोहिमा झाल्या.

सर्वांत जास्त सोसले ते पूर्वेकडील स्थानिक ख्रिस्ती समाजांनी. दोन्ही बाजूंच्या संशयाचे ते धनी झाले. रोमन आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च यांच्यातील १०५४ मधील दुरावा १२०४ च्या लुटीनंतर वैरात बदलला. पोप जॉन पॉल दुसरा यांनी २००१ मध्ये अथेन्स येथे त्या लुटीबद्दल खेद व्यक्त केला, तेव्हा घटनेला जवळजवळ आठशे वर्षे लोटली होती.

चौलच्या खाडीपर्यंत

या इतिहासाचा एक धागा थेट कोकणात पोचतो. ११४७ मध्ये पूर्वेकडे निघालेल्या क्रूसेडच्या ताफ्याने वाटेत थांबून लिस्बन जिंकण्यास पोर्तुगालच्या राजाला मदत केली. टेम्प्लर संघ बुडाल्यावर पोर्तुगालमधील त्याच्या मालमत्तेवर १३१९ मध्ये ‘ख्रिस्त संघ’ स्थापन झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोहिमांना चालना देणारा राजपुत्र हेन्री हा १४२० पासून या संघाचा प्रशासक होता आणि पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर झळकणारा लाल क्रूस याच संघाचा. राजा मॅन्युएलच्या मनात मसाल्याच्या व्यापाराबरोबरच मम्लुकांना मागून घेरून जेरुसलेम गाठण्याचे स्वप्नही होते.

त्यामुळे १५०८ मध्ये आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल येथे झालेल्या लढाईला वेगळा अर्थ प्राप्त होतो. इजिप्तहून अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली आलेल्या मम्लुक आरमाराने दीवच्या मलिक अयाजच्या साह्याने पोर्तुगीजांचा पराभव केला. त्यात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा पुत्र लोरेन्सो मारला गेला. अक्का जिंकणारी सत्ता आणि टेम्प्लरांचा वारसा सांगणारे क्रूस यांची गाठ पडली ती कोकणच्या किनाऱ्यावर. पुढच्याच वर्षी दीव येथे पोर्तुगीजांनी या पराभवाचा वचपा काढला आणि १५१० मध्ये गोवा घेतले.

स्मृतीचे राजकारण

मुस्लिम जगात क्रूसेडच्या जखमेची आठवण नऊशे वर्षे अखंड भळभळत राहिली, असे मानले जाते. तसे दिसत नाही. आठवण पूर्णपणे पुसली गेली नव्हती. परंतु मंगोलांनी १२५८ मध्ये केलेला बगदादचा विध्वंस हा त्याहून मोठा आघात होता आणि क्रूसेडचा शेवट तर विजयातच झाला होता. या विषयाला नवे महत्त्व आले ते एकोणिसाव्या शतकात, युरोपीय वसाहतवादाच्या छायेत. १८९८ मध्ये जर्मन सम्राट विल्हेल्म दुसरा याने दमास्कस येथे सलादीनच्या कबरीला मानवंदना दिली. पुढच्याच वर्षी कैरोत सय्यद अली अल-हरीरी यांचा या युद्धांवरील अरबी इतिहास प्रसिद्ध झाला.

डिसेंबर १९१७ मध्ये जनरल ॲलनबी जेरुसलेममध्ये पायी शिरला. त्या आधीच ब्रिटिश सरकारने वृत्तपत्रांना या मोहिमेला क्रूसेड न म्हणण्याची सूचना दिली होती. साम्राज्यात कोट्यवधी मुस्लिम प्रजा होती आणि त्या आघाडीवर भारतीय सैनिकही होते. काही पाश्चात्त्य व्यंगचित्रकारांना आणि लेखकांना तो मोह आवरला नाही. पुढे इजिप्तच्या नासर यांच्यापासून इराकच्या सद्दाम हुसेन यांच्यापर्यंत अनेकांनी स्वतःला सलादीनच्या पंक्तीत बसवले. सद्दाम यांनी कुर्दांवर केलेले अत्याचार पाहता हा दावा विशेष विपरीत होता. १९९८ मध्ये ओसामा बिन लादेनने ‘ज्यू आणि क्रूसेडर’ यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले. १६ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या लढ्याला क्रूसेड म्हटले. इंग्रजीत तो शब्द ‘निर्धाराने चालवलेली चळवळ’ या सौम्य अर्थानेही वापरला जातो. अरबी भाषांतरात मात्र त्याचा एकच अर्थ उरला. व्हाइट हाउसला लगेच खेद व्यक्त करावा लागला.

नुरुद्दीनने करवलेल्या आणि सलादीनने बसवलेल्या मिंबराची कथाही येथे नमूद करण्याजोगी आहे. २१ ऑगस्ट १९६९ रोजी एका ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती माथेफिरूने लावलेल्या आगीत ते जळून गेले. त्या घटनेच्या संतापातून रबात येथे मुस्लिम राष्ट्रांची परिषद भरली आणि इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेची स्थापना झाली. जुन्या आकृतिबंधांचा अभ्यास करून जॉर्डनमध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती घडवण्यात आली आणि २००७ मध्ये ती अल-अक्सात बसवण्यात आली.

त्याच जुन्या नगरात, अल-अक्सापासून थोड्याच अंतरावर, ख्रिस्ताच्या समाधीचे चर्च आहे. त्याच्या मुख्य दरवाजाची किल्ली आणि तो उघडण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. ही प्रथा सलादीनच्या काळापासूनची, असे परंपरा सांगते. चर्चमधील वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचा आपापसांत विश्वास नसल्याने ही व्यवस्था सर्वांनाच सोयीची वाटते. जेरुसलेमच्या इतिहासात १०९९ ची कत्तल आहे, १२२९ चा तह आहे आणि ही किल्लीही आहे. यांतले काय आठवायचे, हे प्रत्येक पिढीने आपल्या गरजेनुसार ठरवले. गेल्या सव्वाशे वर्षांत बहुतेकांनी कत्तलच निवडली, आणि क्रूसेडचा सर्वांत टिकाऊ परिणाम कदाचित तोच आहे.